विदादकडे साखर आली

चर्रर्र.

रविवारी दुपारी, जेवून सगळं घर सुस्तावलेलं असताना, बॅगेच्या चेनचा आवाज केवढा मोठा येतो हे विदादला त्या दिवशी कळलं. आतल्या खोलीतलं बाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, घोरणं थांबलं. विदादनं श्वास रोखला. मग बानं कूस बदलली, एक लांब उसासा सोडला आणि घोरणं जिथं सोडलं होतं तिथून पुढे चालू केलं.

विदादनं चेन पुन्हा सरकवायला घेतली. एकेक दात, सावकाश, जसं झोपलेल्या बाळाच्या हाताखालून आपला हात काढावा तसं.

"आत्या, तू बॅगेला गुदगुल्या का करतेयस?"

दारात सुंदुस उभी होती. विदादच्या भावाची, जवादची मुलगी. वय सहा. जवाद आणि त्याची बायको रविवारी कामावर असत, म्हणून सुंदुस आजीकडे.

"गुदगुल्या नाही गं. जुने कपडे भरतेय."

"मग हळू का?"

"कपडे झोपलेत."

सुंदुसला हे पटलं. झोपलेल्यांना उठवायचं नाही हा या घरातला नियम तिला ठाऊक होता. ती पाय न वाजवता आत आली आणि एका स्वेटरला थोपटू लागली.

विदाद चौतीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचं सगळं ठीक चाललं होतं. सहलींच्या कंपनीत नोकरी होती, होणारा नवरा होता, त्याच्याबरोबर बघून ठेवलेलं घर होतं. आधी नवरा गेला. हॉल ठरवून झाल्यावर त्याला एकाएकी वाटायला लागलं, की आपण लग्नाला अजून लहान आहोत. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. मग कंपनी बंद पडली. विदाद पंधरा दिवसांसाठी म्हणून कालव्याकाठच्या या इमारतीत, आईबापाच्या घरी परत आली, आणि ते पंधरा दिवस अजून चालूच होते.

तिची झोपायची जागा म्हणजे पाहुण्यांची बैठक. तिन्ही भिंतींना लागून लांबच लांब कोच, त्यांवर सोनेरी वेलबुट्टी, मध्ये पितळी ताटाचं टेबल. घरातली सगळ्यात मोठी, सगळ्यात सुंदर खोली. म्हणूनच तिथं घरचं कुणी बसत नसे. दाराची बेल वाजली की विदादला आपलं अख्खं आयुष्य गुंडाळून कोचामागे कोंबावं लागे. एकदा घाईत तिची झोपायची विजार उशांमध्ये राहिली होती. खालच्या मजल्यावरच्या हज्जा यामनानं ती पाठीखालून ओढून काढली, उजेडात धरून पाहिली, आणि संध्याकाळपर्यंत बातमी ब्रसेल्सहून मोरोक्कोत, तांजाला पोचली.

आता विदादला एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं होतं. आणि महिनाभर शोधून एक खोलीही सापडली होती. शहराच्या पलीकडच्या अंगाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, अगदी कौलांखाली. छत इतकं उतरतं, की पलंगावर उठून बसलं तर डोकं आपटेल. पण दाराला आतून कडी होती. खोली बघायला गेली तेव्हा विदादनं ती कडी उगाचच लावून पाहिली, काढून पाहिली, परत लावून पाहिली. घरमालकीण मादाम पीटर्स बाहेर जिन्यात उभी राहून विचारत होती, "अडकली का?"

"नाही नाही," विदाद आतून म्हणाली होती, "छान लागतेय."

अडचण दोन बायकांची होती.

पहिली बाई म्हणजे विदादची आई, लल्ला ज़हूर. यम्माचा नियम साधा होता: "आमच्या घरातून मुलगी नवऱ्याच्या हाताला धरून निघते, नाहीतर चौघांच्या खांद्यावर. तिसरा रस्ता नाही." त्यामुळे खोलीबद्दल विदादनं घरात चकार शब्द काढला नव्हता.

दुसरी बाई मादाम पीटर्स. तिचाही नियम होता. "मागे एक मुलगी ठेवली होती. घरच्यांना न सांगता आलेली. तिचे भाऊ येऊन माझं दार बडवायचे. तेव्हापासून मी घरची माणसं बघितल्याशिवाय किल्ली देत नाही. त्यांना मान्य आहे ना?"

"मान्य?" विदाद म्हणाली होती, "त्यांना तर आनंदच झालाय."

म्हणून रविवारची दुपार ठरली. रविवारी दुपारी यम्मा हमामात जाई आणि अंग घासून, निंदानालस्ती करून, लालबुंद होऊन दिवेलागणीलाच परते. मादाम आपल्या मुलाला घेऊन येईल, बैठक बघेल, बाला झोपलेला बघेल. झोपलेल्या बाकडे बघून कुणालाही हे सज्जनांचं घर आहे असंच वाटे. विदाद सांगेल, आईला अचानक जावं लागलं हो. मग चहा, किल्ली, आणि मंगळवारी घरच्यांना सांगायचं. किंवा बुधवारी.

बॅगेची चेन शेवटच्या दातापर्यंत आली आणि त्याच वेळी बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

"मेली ती हमामवाली!" यम्माचा आवाज घरात आधी शिरला, मग बादली, मग यम्मा. "बॉयलर फुटला म्हणे! रविवारी! मी अंगाला साबण लावून बसलेय, आणि ही म्हणते, लल्ला, मंगळवारी या. मंगळवारपर्यंत काय मी अशीच साबणात राहू?"

"यम्मा, तू... तू शेजारच्या गल्लीतल्या हमामात जा ना."

"तिथं ती फ़ातना जाते. तिनं घासलेल्या फरशीवर मी बसू?" यम्मा थांबली. तिनं बैठकीकडे पाहिलं. उशा उभ्या, ताटावर चहाची भांडी, बशीत बदाम भरलेल्या वाकड्या करंज्या. "कोण येणार आहे?"

"कोणी नाही. सुंदुससाठी. आम्ही भातुकली खेळत होतो."

"चांदीच्या किटलीनं?"

बेल वाजली. विदाद उठेपर्यंत सुंदुस दाराशी पोचली होती. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग सुंदुसची खणखणीत आरोळी:

"आजी! एक मॅडम आणि एक काका आलेत! नवे कपडे घालून! आणि साखर आणलीय!"

साखर म्हणजे डब्यातली साखर नव्हे. दारात मादाम पीटर्स उभी होती, मोत्यांची माळ घालून. तिच्या मागे तिचा मुलगा योरिस, चाळिशीचा, उंच, लाजरा, कोट घातलेला, केस पाण्यानं चापून बसवलेले. त्याच्या एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलेला, निळ्या-जांभळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा भलामोठा सुळका.

तसा सुळका घेऊन आई आणि मुलगा मिळून एखाद्याच्या घरी येतात, ते मुलगी मागायलाच. हे तांजामध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. योरिसला मात्र कळत नव्हतं. तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "लिफ्ट बंद होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, मोरोक्कन घरी मुलीच्या संदर्भात चाललोय, आईपण बरोबर आहे, काय न्यावं? त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हे दिलं."

यम्माच्या हातातली बादली खाली ठेवली गेली. तिनं आपल्या साबणाळलेल्या केसांवरून रुमाल ओढला, विदादकडे पाहिलं, आणि विदादला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्याऐवजी यम्मानं तिच्या दंडाला एक जोरदार, प्रेमळ चिमटा काढला.

"भातुकली काय गं? छुपी रुस्तम!" आणि पाहुण्यांकडे वळून, "या, या! मरहबा! पायाला तोशीस पडली असेल. बसा!"

त्याच क्षणी जिन्यातून, दुसऱ्या मजल्यावरून, जीभ टाळ्याला आपटत काढलेली, लग्नकार्यातली लांबलचक किलकारी आली: यू-यू-यू-यू-यूऽऽ! हज्जा यामना. तिनं सुळका जिन्यातून वर जाताना पाहिला होता.

"फायर अलार्म आहे का?" मादाम पीटर्सनं विचारलं.

"हो," विदाद म्हणाली. "चाचणी घेतात. रविवारी."

बैठकीत विदाद मध्यभागी बसली, कारण दोन्ही बाजूंचं भाषांतर तिलाच करायचं होतं. चाळीस वर्षं ब्रसेल्समध्ये काढून यम्माला फ्रेंच येत होतं, पण बाजारापुरतं: भाव, वजन आणि भांडण. मादामला कळलं की घरच्यांना पत्ता नाही, तर किल्ली गेली. यम्माला कळलं की ही मागणी नसून खोली आहे, तर विदादच गेली. दोघींना काहीच न कळू देता अर्धा तास काढायचा होता.

"आम्ही मायलेक दोघंच आहोत," मादामनं सुरुवात केली. "योरिसला गोंगाट सहन होत नाही. मुलगी शांत आहे ना?"

"विचारतेय, मुलगी कशी आहे," विदादनं सांगितलं.

"सांग तिला," यम्मा म्हणाली, "हिच्या तोंडून कधी चढा आवाज ऐकला नाही आम्ही. शेजाऱ्यांना विचार म्हणावं. नको, शेजाऱ्यांना नको विचारू."

"आई म्हणते, खूप शांत."

"आणि तळण? मागच्या मुलीच्या तळणाचा वास पडद्यांना अजून आहे."

"विचारतेय, स्वयंपाक येतो का."

"स्वयंपाक!" यम्मानं करंज्यांची बशी योरिसच्या नाकाखाली धरली. "हे काय आभाळातून पडलं? खा, बाळा, खा. अगं, किती वाळलाय हा. आईचं लक्ष नाही वाटतं."

योरिसनं एक खाल्ली. डोळे मिटले. दुसरी घेतली. यम्माची मान समाधानानं डोलली. या दुसऱ्या करंजीनंतर तो कुठं पळून जाणार नव्हता.

"आम्हाला कमीत कमी तीन वर्षं राहणारी हवी," मादाम म्हणाली.

'तीन वर्षं' यम्माला समजलं. आकडे बाजारातले होते.

"तीन वर्षं? म्हणजे काय, तीन वर्षं?"

"तीन वर्षं... तो हिला शोधत होता म्हणे," विदाद म्हणाली.

"या रब्बी," यम्मा विरघळली. "तीन वर्षं! आणि आमचा तो गाढव, हॉल ठरवून पळाला!"

"मागची आठ महिन्यांत गेली," मादाम बोलतच होती. "तिच्याआधी दोन विद्यार्थी होते. त्यांच्याआधी एक म्हातारा, व्हायोलिन शिकवायचा. तो सगळ्यात चांगला. मेला बिचारा, तिथंच."

यम्मानं विदादकडे पाहिलं. "काय म्हणतेय? कोण मेलं?"

"त्यांच्या घरातलं एक... वडीलधारं माणूस. संगीतातलं."

"अल्ला त्याला जन्नत देवो," यम्मा मादामचा हात हातात घेऊन म्हणाली. मादामचेही डोळे पाणावले. दोघी तशाच हातात हात धरून बसल्या. त्या दोघींचं आपसांत इतकं छान जमतंय हे बघून विदादला रडू फुटायचं बाकी होतं.

एवढ्यात आतून बा आला. सी अब्देस्लाम, ट्राम डेपोतला निवृत्त मेकॅनिक. झोपेतून उठून घाईत चढवलेला अंगरखा उलटा, शिवण बाहेर. बानं आधी सुळका पाहिला, मग योरिस, मग परत सुळका. बायकोला त्यानं काही विचारलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तो हेच शिकला होता, की विचारलं नाही तरी कळतंच.

"काय करतोस, बेटा?" त्यानं योरिसला विचारलं. बाचं फ्रेंच डेपोतलं, पण भक्कम.

"सायकली दुरुस्त करतो."

बाचा चेहरा उजळला. "ब्रेक कुठले बसवतोस?"

आणि दोघं कोचाच्या टोकाला सरकले. थोड्याच वेळात बा हातवारे करून कुठलीशी बेअरिंग कशी काढायची ते दाखवत होता आणि योरिस, आल्यापासून पहिल्यांदा, मोकळेपणानं हसत होता.

यम्मा विदादच्या कानाशी लागली. "मुलगा सोन्यासारखा आहे. पण एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करून घे. मुसलमान होईल ना? विचार. लाजू नकोस."

विदादनं घसा साफ केला. "मस्यू योरिस," ती म्हणाली, "मी... भिंतीला एखादा खिळा ठोकला तर चालेल का?"

"हो, हो!" योरिसनं जोरात मान हलवली. "अगदी अवश्य! मी स्वतः मदत करेन!"

ती मान यम्मानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. "अल्हम्दुलिल्लाह," ती पुटपुटली आणि तिनं रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. "बघितलंस? लगेच! एका शब्दात!"

बाहेर जिन्यात पावलं वाजू लागली होती. आता एक नाही, बऱ्याच. कुजबुज, ताटांची किणकिण. हज्जा यामनानं इमारत जागी केली होती. खजूर, दूध, केक, जे ज्याच्या घरात होतं ते ताटात घालून बायका वर चढत होत्या.

मादाम पीटर्स आपली पर्स उघडत होती. "मला घर आवडलं," ती म्हणाली. "फार प्रेमळ माणसं. मग, एक तारखेपासून येऊ दे." आणि तिनं पितळी ताटावर, करंज्यांच्या शेजारी, किल्ली ठेवली.

यम्मा किल्लीकडे बघत राहिली. "हे काय? त्यांच्यात अंगठीच्या जागी किल्ली देतात?"

"वरच्या खोलीची आहे," योरिसनं बाजारातल्या साध्या शब्दांत, यम्माला कळावं म्हणून, सावकाश सांगितलं. त्याचा स्वभावच मदतीचा. "ती वर. एकटी. मी खाली, आईबरोबर. मी वर कधीच जाणार नाही. कधीच. फक्त नळ गळला तर."

आता हे सगळेच शब्द यम्माला समजले.

सुंदुसनं तोंडातली करंजी चावायची थांबवली.

"विदाद," यम्मा म्हणाली. "हे कोण आहेत?"

"घरमालक, यम्मा."

"कुणाचे?"

"माझे."

मादाम पीटर्सला भाषा कळत नव्हती, पण आयांचे चेहरे कुठल्याही भाषेत सारखेच असतात. "हिला माहीत नव्हतं?" तिनं विदादला विचारलं. विदादनं मान खाली घातली. मादामचा आवाज कठीण झाला नाही, उलट खाली आला, आणि त्याचंच विदादला जास्त लागलं. "मग नाही जमायचं, मुली. मी सांगितलं होतं." तिनं किल्लीकडे हात नेला.

विदादच्या डोळ्यांसमोरून ती कडी गेली. आतून लागणारी.

"मला विचारायचंस तरी," यम्मा म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! शंभरदा म्हणाले असते! पण ते म्हणायची माझी पाळी होती. तीसुद्धा घेतलीस माझी." यम्मा थांबली. "काय कमी आहे तुला इथं?"

विदादला पुष्कळ सुचलं असतं. विजार, उशा, कोच. ती म्हणाली, "बेल वाजली, की मी उरत नाही गं, यम्मा. मला गुंडाळावं लागतं."

कोचामागून बॅगेचा एक कोपरा बाहेर डोकावत होता, त्याकडे यम्माची नजर गेली आणि तिथंच राहिली.

"खोली कोरडी आहे का?" बा मध्येच म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "कौलाखाली ओल येते. योरिस, पन्हळ कधी साफ केलीस?"

दारावर थापा पडल्या. "लल्ला ज़हूर! अगं उघड! एकटीच गोड खातेस का?" हज्जा यामनाचा आवाज. तिच्यामागे पाच-सहा जणी तरी असाव्यात, आणि कुणीतरी डफ आणला होता.

यम्माचा चेहरा विदादनं त्या वेळी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. जिन्यात किलकारी झाली होती. किलकारी परत घेता येत नाही. चार मजल्यांनी ती ऐकली होती, फोन तांजापर्यंत गेले असणार. आता दार उघडून सांगायचं, की मागणी नव्हती, चूक झाली? लल्ला ज़हूरच्या मुलीचं दुसऱ्यांदा मोडलं? तेही या वेळी न जमताच मोडलं?

मादामची बोटं किल्लीवर पोचली होती. त्यांच्यावर यम्माचा हात पडला. साबणानं अजून थोडा निसरडा.

"ठेवा," यम्मा फ्रेंचमध्ये म्हणाली. भाव ठरवतानाचा तिचा आवाज. "किल्ली इथं. मी आई. मी हो म्हणते. झालं?"

मग अरबीत, विदादकडे न बघता, "माझ्या हातात स्वतःच्या दाराची किल्ली आली, तेव्हा मी तीन पोरांची आई होते. तोवर सासूच्या कमरेला होती." आणि तिनं रुमाल नीट केला, पाठ सरळ केली आणि दार उघडलं.

"मुबारक! मुबारक!" हज्जा यामना ताट घेऊन आत घुसली. तिची नजर योरिसला वरपासून खालपर्यंत मोजून आली. "गोरा आहे. पण चालेल. लग्न कधी?"

"लग्न कसलं?" यम्मा म्हणाली. "विदादनं घर घेतलं. स्वतःचं. हे घरमालक."

डफ थांबला.

"आणि... साखर?" हज्जा यामनानं सुळक्याकडे बोट दाखवलं.

"घराची साखर! अगं, मुलगी नव्या घरात जायची असली, की घरमालक तिच्या आईबापाकडे साखर घेऊन येतो. आमच्या तांजामध्ये जुनी रीत आहे. तुमच्या उज्दाकडे नाही का?"

बायकांच्या नजरा हज्जा यामनाकडे वळल्या. चाळीस वर्षांत कुठलीही रीत तिला माहीत नाही असं झालं नव्हतं. तिनं एकदा यम्माकडे पाहिलं. यम्मानं पापणीही लवू दिली नाही.

"म्हणजे काय, आहे की!" हज्जा यामना म्हणाली. "उज्दात तर दोन सुळके आणतात. पण हल्ली कोण पाळतं? हे लोक चांगले दिसतात, पाळतात." आणि तिनं पुन्हा किलकारी दिली, आधीपेक्षा लांब. कारण आता तिची अब्रूही त्यात गुंतली होती.

मादाम पीटर्सनं कान झाकले. "पुन्हा चाचणी?"

त्यानंतर विदादच्या हातात काही राहिलं नाही. ती गुपचूप एका बॅगेनिशी जाणार होती. पण रीत काढली म्हणजे ती पार पाडावी लागते. तळघरात, तिच्या लग्नासाठी बारा वर्षं रचून ठेवलेल्या लोकरीच्या गाद्या यम्मानं बाहेर काढल्या. पांघरुणं, चहाचे पेले, मोठ्ठं पातेलं. "एवढं कुणासाठी शिजवू मी?" विदादनं विचारलं. "माझ्यासाठी," यम्मा म्हणाली. "मी येणार शुक्रवारी." जवाद व्हॅन घेऊन आला आणि तळघरापासून रस्त्यापर्यंत प्रत्येक गादीमागे एकदा म्हणाला, की आपल्या लग्नात आपल्याला एवढं मिळालं नव्हतं.

एक तारखेला सायकलच्या दुकानासमोर व्हॅन थांबली. डफ वाजवत बायका जिना चढल्या. गोंगाट सहन न होणारा योरिस सगळ्यात पुढे होता, डोक्यावर गादी घेऊन, मागून बा त्याला वळण कसं घ्यायचं ते सांगत होता. मादाम पीटर्सला कुणीतरी खुर्चीत बसवून हातावर मेंदी लावली होती, त्यामुळे तिला तक्रार करायला हात हलवता येत नव्हते. हज्जा यामनानं खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, उतरत्या छताला डोकं आपटून घेतलं, आणि मग विदादला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात विचारलं, "काय गं, या मॅडमकडे अजून एखादी खोली आहे का? आमची नजात... छत्तिशीची झाली ना आता."

संध्याकाळी सगळे खाली दुकानात चहाला उतरले. खोलीत तिघीच राहिल्या. यम्मा गादीवर चादर घालत होती, कोपरे असे खोचत होती, जसं काही ती उडून जाणार आहे. विदाद पेले पुसत होती. सुंदुस दाराशी उभी राहून कडी लावत होती, काढत होती, परत लावत होती. आज तिला नवा झगा होता, हातभर मेंदी होती, आणि गेले दोन तास ती कशाचा तरी खोलवर विचार करत होती.

"आत्या."

"काय गं राणी?"

"मी मोठी झाले, की मलापण असं करता येईल? डफ, मेंदी, गाद्या, सगळं, पण नवऱ्याशिवाय?"

विदादच्या हातातला पेला तसाच राहिला. तिनं आशेनं आईकडे पाहिलं. चादर खोचता खोचता यम्माचेही हात थांबले होते, आणि ती, उत्तर ऐकायला, विदादकडेच बघत होती.